कोऱ्या नोंदीची बखर

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडचा व्यापारी नवी वही उघडतो. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढायचे, वर ‘श्री’ लिहायचे, तिथी घालायची आणि हळदकुंकू-फुले वाहून वही मिटायची. त्या पानावर जमेची बाजू नाही आणि खर्चाचीही नाही. म्हणून उद्या एखादा हुशार कारकून उठला आणि ‘शेटजी, या पानाचा हिशेबाला काहीच उपयोग नाही, काढून टाकू का?’ म्हणाला, तर शेटजी त्याच्याकडे कसे पाहतील हे सांगायला नको. आता दुसरे पान पाहा. त्याच वहीत मध्येच एका पानावरच्या साऱ्या रकमा भलत्याच खात्याच्या निघाल्या, त्या योग्य जागी नेल्या, आणि मूळ पान नुसतेच उरले. या पानावर शेटजी स्वतःच आडवी रेघ ओढतील. पाने दोन्ही कोरीच. परंतु एक मुद्दाम कोरे राखलेले आणि दुसरे रिकामे पडलेले.

पेढीवरच्या पोराटोरालाही कळणारा हा भेद संगणकाच्या जगातल्या पंडितांना आपल्या हत्याराला शिकवायला वर्षांमागून वर्षे लागली. त्याची ही हकिगत आहे. विषय यंत्राचा असला तरी वाचकांनी बिचकू नये. यात गणित नाही, आहे ती दप्तराची आणि दप्तर राखणाऱ्या माणसांची गोष्ट.

संगणकाचा प्रोग्राम म्हणजे अखेर माणसाने लिहिलेला मजकूरच. आपल्या खिशातल्या फोनमागे असा मजकूर हजारो फायलींत पसरलेला असतो आणि त्यावर शेकडो हात फिरत असतात. आज एकाने एक ओळ बदलली, उद्या दुसऱ्याने ती पुन्हा बदलली, परवा सगळेच बंद पडले. मग प्रश्न येतो की कोणी, केव्हा आणि कशासाठी काय बदलले? त्याची रोजकीर्द हवी. ही रोजकीर्द ठेवणारे पहिले नामांकित साधन १९७२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी केले. त्याचे नाव सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम. दरवेळी साऱ्या मजकुराची नवी नक्कल न ठेवता केवळ फरक तेवढा टिपून ठेवायचा, ही त्यातली युक्ती. पुढे १९८२ साली पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांनी आरसीएस नावाचे साधन पुढे आणले आणि ती युक्ती उलटी केली. ताजी प्रत पुरी ठेवायची आणि मागच्या प्रती फरकाच्या आधाराने उलट्या काढत जायच्या. माणसे बहुधा ताजी प्रतच मागतात, जुनी क्वचित. तेव्हा हे शहाणपणाचेच झाले.

पण या साधनांची रीत अशी की एकाने फाइल बदलायला घेतली की ती त्याच्या नावे कुलूपबंद. दुसऱ्याने वाट पाहायची. आमच्या शाळेत एकच जगाचा नकाशा होता आणि तो ज्या वर्गात टांगला असेल त्या वर्गाचा तास संपेपर्यंत बाकीच्यांनी भूगोल तोंडीच शिकायचा, तशातली गत.

हे कुलूप निघाले ते अॅमस्टरडॅममध्ये, आणि निघण्याचे कारण मोठे घरगुती आहे. तिथल्या विद्यापीठातले डिक ग्रून हे अध्यापक आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एका कंपायलरवर काम करीत होते. एक विद्यार्थी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच असा नेमाने बसणारा; दुसरा केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा नेम नाही; आणि स्वतः गुरुजींना सवड मिळायची ती फक्त संध्याकाळी. तिघांची गाठ पडणार कशी? तेव्हा ज्याने त्याने आपापल्या वेळी बदल करावा आणि साधनाने तो एकमेकांत मिसळून घ्यावा, अशी सोय ग्रून यांनी केली. १९८६ साली त्यांनी ती जगापुढे ठेवली. हेच ते सीव्हीएस. प्रारंभी त्याचे नाव वेगळे होते, ‘सीएमटी’. कारण त्यातून ज्याला त्याला स्वतंत्रपणे ‘कमिट’ करता येई. कमिट म्हणजे केलेला बदल दप्तरी दाखल करणे. मी येथे सरळ ‘नोंद’ म्हणते. पुढे २००० साली सबव्हर्जन आले, त्याने सीव्हीएसच्या खोडी दुरुस्त केल्या. त्यात आपल्याला अडकायचे कारण नाही.

आता कथेत खरा नायक येतो. १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचे काम आरंभले आणि बघता बघता जगभरचे लोक त्यात हात घालू लागले. कैक वर्षे हा गृहस्थ कोणतेच दप्तर वापरीत नसे; लोक पत्राने दुरुस्त्या पाठवीत आणि तो त्या आपल्या प्रतीत घालून घेई. २००२ पासून त्याने बिटकीपर नावाचे एका कंपनीचे साधन घेतले. ते लिनक्सकरांना फुकट वापरू दिले होते, पण अटींवर. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियातल्या जाणकाराने त्या साधनाशी परस्पर बोलणारा छोटा प्रोग्राम लिहिला, त्यावरून तेढ वाढली, आणि २००५ च्या एप्रिलात फुकट वापर बंद झाला. ट्रिजेलने पुढे भर परिषदेत दाखवून दिले की त्याने केले ते एवढेच, की बिटकीपरच्या सर्व्हरशी जोडणी करून ‘हेल्प’ असा शब्द टंकला. सर्व्हरने आपण होऊनच आज्ञांची यादी छापली! या भांडणात न्याय कोणाकडे होता ते आज उकरण्यात अर्थ नाही. पण बिऱ्हाड एका दिवसात उठवावे लागल्यासारखी लिनक्सवाल्यांची अवस्था झाली खरी.

टोरवाल्ड्सने ३ एप्रिलला स्वतःच नवे साधन लिहायला घेतले आणि ७ एप्रिलला ते आपलीच नोंद आपल्यातच ठेवू लागले. चार दिवस! नाव ठेवले ‘गिट’. इंग्रजांच्या बोलीत याचा अर्थ त्रासदायक, हेकट माणूस. आणि टोरवाल्ड्स थट्टेने म्हणे की मी माझ्या सगळ्या कामांना माझेच नाव देतो. त्याच वर्षी २६ जुलैला त्याने गिटचा कारभार जुनिओ हामानो यांच्या हाती दिला.

याच धावपळीत एक गोष्ट घडली, ती इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनात ठेवावी अशी आहे. १६ एप्रिल २००५ रोजी लिनक्सचा मजकूर गिटमध्ये पहिल्यांदा दाखल झाला. त्या पहिल्या नोंदीतच टोरवाल्ड्स लिहून ठेवतो की, मागचा सारा इतिहास आपल्याजवळ आहे, पण मी तो आणण्याच्या भानगडीत पडत नाही. म्हणजे चौदा वर्षांचे काम एका नोंदीत आले आणि त्याच्या आधी काही नाही. मागचा इतिहास पुढे इतरांनी वेगळ्या दप्तरात लावून ठेवला, ज्याला हवा त्याने जोडून पाहावा. मला यात आवडते ते हे, की त्याने गाळलेले लपवले नाही. येथून मागे पाने आहेत आणि ती मी येथे आणलेली नाहीत, असे पहिल्याच ओळीत सांगितले. आपल्या किती चरित्रकारांना एवढे साधते?

आता गिटची नोंद कशी असते ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गिट निव्वळ फरक नोंदवीत नाही. प्रत्येक नोंद त्या क्षणी सारे दप्तर कसे दिसत होते त्याचे एक चित्र दाखवते. सोबत असते लिहिणाऱ्याचे नाव व वेळ, दाखल करणाऱ्याचे नाव व वेळ (ही दोन माणसे निराळी असू शकतात), कारण सांगणाऱ्या चार ओळी, आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक. या सर्वांवरून गणिताने एक चाळीस अक्षरी क्रमांक निघतो. तोच त्या नोंदीचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. आणि पुढच्या नोंदीत मागच्या नोंदीचा ठसा असल्यामुळे तिचाही बदलतो. आणि असे करीत शेवटपर्यंत साऱ्या माळेचा. म्हणून गिटमध्ये इतिहास ‘दुरुस्त’ होत नाही. ज्या मण्यापाशी हात लावला तेथून पुढची सारी माळ नव्याने ओवावी लागते. जुनी माळ ज्यांच्या हाती आहे त्यांची आणि तुमची मग गाठ पडत नाही. म्हणूनच या धंद्यातला शिरस्ता असा की, दुसऱ्याच्या हाती गेलेला इतिहास पुन्हा लिहू नये. आपल्या घरात आहे तोवर हवा तेवढा नीटनेटका करावा.

या व्यवस्थेत कोरी नोंद म्हणजे काय, हे आता लक्षात येईल. जिच्यातले दप्तराचे चित्र आधीच्या नोंदीतल्यासारखे हुबेहूब आहे, ती कोरी. नाव आहे, वेळ आहे, कारण आहे, बदल मात्र शून्य. गिट अशी नोंद सहसा करूच देत नाही. ‘नोंदवण्याजोगे काही नाही’ म्हणून परत पाठवते. खास सांगावे लागते, ‘अलाउ एम्प्टी’, म्हणजे कोरी असली तरी चालेल. असे खास सांगणारे लोक असतात आणि त्यांना त्याची कारणेही असतात. कोणी नव्या कामाचा आरंभ कोऱ्या नोंदीने करतो, आपल्या ‘श्री’सारखा. कोणी प्रोग्रामची अमुक आवृत्ती गिऱ्हाइकाकडे रवाना झाल्याची खूण म्हणून ती ठेवतो. कोठे चाचण्या नोंद पडताच आपोआप सुरू होत असतात. तेथे मजकूर न बदलता चाचण्या पुन्हा चालवायच्या असल्या की एक कोरी नोंद टाकून द्यायची. शाळेच्या हजेरीपटात रविवारच्या रकान्यात उभे ‘रविवार’ असे लिहितात. त्या रकान्यात एकही मूल हजर नाही नि गैरहजरही नाही. पण तो रकाना खोडून शनिवारला सोमवार चिकटवा, की महिन्याचे दिवस जुळेनासे होतात.

तर मग इतिहास पुन्हा लिहायचा तरी कशाला? कारणे खरी असतात. कोणी चुकून दप्तरात पासवर्ड दाखल केला, तो सर्व नोंदींतून उपटून काढायला हवा. कोणी एखादी अवजड फाइल घातली आणि पुढे काढली. पण इतिहासात ती आहेच, तिच्यापायी दप्तर फुगले आहे. कधी एका मोठ्या दप्तरातून एकच खण वेगळा करून नवा संसार मांडायचा असतो. आणि कधी आपले काम दुसऱ्यांच्या ताज्या कामावर नव्याने रचायचे असते, त्याला रीबेस म्हणतात.

येथे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, इतिहास वाचणाऱ्याला सरळ कळला पाहिजे. चाचपडणे, चुका, मागे-पुढे हे गाळून नीट ओळीने मांडा. दुसरा म्हणतो, जसे घडले तसे राहू द्या. आपल्याला हा वाद नवा नाही. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भिस्त ठेवली, ती याच वादाची एक बाजू होती. बखर वाचायला गोड, पत्रे तुटक; पण साक्षीला पत्रे उभी राहतात.

असे पुनर्लेखन करताना नोंदी कोऱ्या पडतात. एखाद्या नोंदीत केवळ ती अवजड फाइल घातली होती. फाइल काढली, नोंदीत काय उरले? नाव, वेळ आणि ‘मोठे चित्र घातले’ असे एक वाक्य, जे आता खोटे ठरले. दुसरा प्रकार रीबेसचा. तुम्ही एक दुरुस्ती केलीत. तोवर कोणी तीच दुरुस्ती मुख्य दप्तरात दाखल केली. तुमची नोंद तिच्यावर रचायला गेलात तर बदलायला काही शिल्लकच नाही. गिट सांगते की यातला मजकूर तेथे आधीच आहे, आणि तुमची नोंद गाळून पुढे जाते. तुमचीच दुरुस्ती कोणी तुमच्या नावाने दाखल केली असेल तर काही बिघडले नाही. लेखकाचे नाव आणि दाखल करणाऱ्याचे नाव वेगळे ठेवण्यातले शहाणपण येथे दिसते. पण दुसऱ्याने स्वतंत्रपणे तेच केले असेल, तर त्या माळेत तुमच्या चार रात्रींची खूण राहत नाही. दप्तराच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. दप्तर हे काही मानपत्र नव्हे. तरी ज्याच्या रात्री गेल्या त्याला थोडे लागतेच.

२००७ साली गिटमध्ये फिल्टर-ब्रँच नावाची आज्ञा आली. सारा इतिहास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाळून काढणारी ती मोठी चाळण. कोऱ्या पडलेल्या नोंदी काढण्यासाठी पुढे तिला ‘प्रून एम्प्टी’ हा पर्याय जोडला. पण तिचा न्याय अगदी आंधळा: कोरी दिसली की उडवली. रिकामी पडलेली कोणती आणि मुद्दाम कोरी ठेवलेली कोणती, हे ती विचारीत नसे.

याने काय होते ते मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले. तो पुण्यात या धंद्यात आहे. त्याच्या कचेरीत वर्षानुवर्षांचे दप्तर हलके करायचे ठरले. चाळण फिरली, दप्तर हलके झाले, सगळे खूश. महिन्या-दीड महिन्याने एका गिऱ्हाइकाची तक्रार आली की मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे दिलेल्या प्रतीत अमुक दोष होता. त्या दिवशी त्याच्याकडे कोणती प्रत होती? ते ज्या नोंदींवरून कळायचे त्या ‘आज रवाना केली’ एवढेच सांगणाऱ्या कोऱ्या नोंदी होत्या, आणि त्या सगळ्या गेल्या होत्या. ‘बाई,’ तो म्हणाला, ‘मजकुराची एक ओळसुद्धा हरवली नव्हती. फक्त तारखा हरवल्या होत्या.’ मी त्याला सातवीत इतिहास शिकवला होता. सनावळ्या पाठ करायचा त्याला कोण कंटाळा!

अखेर कोणाकडे तरी जुन्या माळेची प्रत सापडली म्हणून त्यांचे निभावले.

भेद ओळखण्याची पहिली पावले २०१२ च्या सुमारास पडली. एकेक नोंद उचलून दुसरीकडे लावणाऱ्या चेरी-पिक या आज्ञेला तेव्हा दोन निरनिराळे पर्याय मिळाले, एक मुळात कोऱ्या नोंदीसाठी आणि दुसरा वाटेत कोऱ्या पडलेल्या नोंदीसाठी. म्हणजे भाषेत तरी दोन शब्द झाले. पण ते मागावे लागत. न मागणाऱ्याला त्यांचा उपयोग नव्हता. खरे काम केले ते एलायजा न्यूरेन यांनी. त्यांनी फिल्टर-रेपो नावाची नवी चाळण लिहिली. ती काही न सांगता सोडली तर पुनर्लेखनामुळे ज्या कोऱ्या पडल्या तेवढ्याच नोंदी काढते आणि मुळात कोऱ्या होत्या त्या ठेवते. सरसकट काढायच्या किंवा सरसकट ठेवायच्या असल्या तर तसेही सांगता येते. दोन शाखांचा संगम दाखवणाऱ्या नोंदींचाही तिने विचार केला. एक शाखा पूर्ण गळून गेली तर संगम कोणाचा कोणाशी? असा अर्थ गेलेला संगम काढायचा, पण मुळातच कोणी तसा करून ठेवला असेल तर राहू द्यायचा.

मात्र तिच्या नियमाला एक पोटनियम आहे, तेथे मी अडखळते. मुळात कोरी असलेली नोंद ठेवायची खरी, पण तिची आधीची नोंदच गाळली गेली असेल, तर हिलाही गाळायला मोकळीक. तर्क समजतो: आई ज्या खणात होती तो खणच टाकून दिला, मुलगी तेथलीच असणार. बहुतेक वेळा ते खरेही असेल. पण आरंभाचा ‘श्री’ आणि रवानगीची तारीख ही काही एका खणाची मालमत्ता नसते. ज्याला अशा नोंदी जपायच्या आहेत त्याने ‘काहीही गाळू नको’ असा हुकूम देऊन आधी सगळे ठेवावे आणि मग निरुपयोगी ते हाताने वेचावे. कंटाळवाणे काम आहे, पण दप्तराची कामे तशीच असतात.

मार्च २०२० मध्ये गिटची २.२६ ही आवृत्ती आली आणि रीबेसलाही हाच विवेक मिळाला, तोही न्यूरेन यांच्याच हातून. तोवर मुळात कोरी नोंद टिकवायची तर रीबेसला मुद्दाम सांगावे लागे. आता ती आपोआप टिकते, आणि वाटेत कोरी पडलेली आपोआप गळते. माणूस समोर बसून एकेक पाऊल बघत काम करीत असेल, तर साधन थांबते आणि ही रिकामी पडली आहे, ठेवू की काढू, असे त्यालाच विचारते. २००५ पासून मोजले तर गिटला या समजुतीपर्यंत यायला पंधरा वर्षे लागली.

जुनी फिल्टर-ब्रँच मात्र अजून गिटच्या पेटीत आहे. एवढ्या वर्षांत कोणाकोणाच्या कामात ती गुंतून बसली असेल, एकदम काढणार कशी? २०१९ पासून तिच्या तोंडी एक इशारा घातला आहे: या चाळणीने इतिहासाची मोडतोड होऊ शकते, फिल्टर-रेपो वापरा. इतके बजावून ती दहा सेकंद गप्प उभी राहते, आणि तेवढ्यात कोणी थांबवले नाही तर कामाला लागते.